ट्रेल कमी होत नाही, वाढतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या मोटरसायकलला नव्या गाडीचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची जोडी) आणि चाकं बसवण्यावरच्या माझ्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यात चार मुद्दे आहेत. मी दिलेला एक बेअरिंग नंबर चुकलाय, जुनी फ्रेम नव्या ब्रेकचा जोर सोसणार नाही, आणि मूळ गाडी अशी बदलणं हा गुन्हा आहे, हे तीन. चौथा मला खरोखर लागला, तो शब्दशः देतो: "आखूड फोर्क लावला की ट्रेल कमी होतो आणि वेगात हँडल थरथरतं, एवढी साधी भूमिती ज्यांना येत नाही त्यांनी लोकांच्या जिवाशी खेळू नये."

बेअरिंगबद्दल आपलं बरोबर आहे. वर आणि खाली दोन्हीकडे 32005 असं मी लिहून गेलो. बऱ्याच जपानी स्टेमला, म्हणजे हँडलबरोबर फिरणाऱ्या मधल्या दांड्याला, 32005, म्हणजे 25 बाय 47 बाय 15 मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी), फक्त वर बसतं. खाली 32006 लागतं, 30 बाय 55 बाय 17. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. तरी नंबर पाठ करून बेअरिंग आणू नका, हे मी तिथेही लिहिलं होतं. आतला व्यास नव्या स्टेमवरून आणि बाहेरचा जुन्या फ्रेमच्या हेडमधल्या (ज्या पुढच्या नळीत स्टेम फिरतो तिच्यातल्या) बैठकीवरून मोजायचा. दोन्ही माप जुळणारं बेअरिंग मिळालं नाही तर लेथवर स्टेम तरी नवा करायचा, नाहीतर बैठकीसाठी रिंग.

आता त्या वाक्याकडे येतो. "जिवाशी खेळ" हा शब्द वापरण्याआधी आपण निदान एकदा कागद-पेन्सिल घ्यायला हवी होती. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्याला भूमिती येत नाही असं चारचौघांत म्हणायचं, तर आकडे द्यावे लागतात. तुमच्या प्रतिक्रियेत आकडा एकही नाही.

ट्रेल म्हणजे काय ते आधी, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. हेडची कललेली रेषा जमिनीपर्यंत नेली की एक बिंदू मिळतो. टायर त्याच्या मागे टेकतो. या दोहोंतलं अंतर म्हणजे ट्रेल. हिशेब असा: चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा, म्हणजे हेड उभ्या रेषेपासून जितका कलतो त्या कोनाचा, साइन, त्यातून फोर्कचा ऑफसेट वजा, आणि उरलेल्याला कोसाइनने भागायचं. ऑफसेट म्हणजे स्टेमच्या मध्यापासून फोर्कच्या नळ्यांच्या मध्याची रेषा किती पुढे आहे ते. नेमका हाच ऑफसेट तुमच्या वाक्यात कुठेच नाही.

1969 च्या होंडा सीबी 750 चं उदाहरण घ्या. रेक 27 अंश, पुढे 19 इंची चाक, त्रिज्या साधारण 320 मिमी, ऑफसेट 60 च्या आसपास. 320 गुणिले 0.454 म्हणजे 145. त्यातून 60 गेले, उरले 85. भागिले 0.891, म्हणजे 95 मिमी. कंपनी ट्रेल तेवढाच सांगते.

आता तिलाच सुझुकी जीएसएक्स-आरचा फोर्क लावा. 17 इंची चाक आणि 120/70 टायर, त्रिज्या 300. टी, म्हणजे नळ्या स्टेमला धरून ठेवणारा तुकडा, मात्र वेगळी, तिचा ऑफसेट 30 च्या आसपास. रेक तोच धरला तर 136 वजा 30, म्हणजे 106, आणि भागून 119 मिमी. ट्रेल 24 ने वाढला. फोर्क आखूड आहे, पुढचं चाकही लहान आहे, म्हणून गाडीचं नाक खाली जातं, एवढं खरं. समजा मागच्यापेक्षा पुढचं 50 मिमी जास्त बसलं. 1,450 मिमीच्या आसपासच्या व्हीलबेसवर त्याने रेक दोन अंशांनी उतरतो, 25 होतो. पुन्हा हिशेब केला की ट्रेल येतो 107. म्हणजे नाक बसण्याचा परिणाम जमेस धरूनही मूळ गाडीपेक्षा 12 मिमी जास्तच. हँडल हलकं होणार नाही, जड होईल. वळणात गाडी मुद्दाम पाडावी लागेल. तुम्ही जी भीती घातलीत, ती नेमकी उलट्या दिशेची आहे.

ज्यांना मूळचा हलकेपणा हवा आहे त्यांनी ऑफसेट वाढवलेली टी करून घ्यावी. 42 मिमी ऑफसेट धरला तर वरच्याच हिशेबात ट्रेल 94 वर येतो. शिवाय नळ्या टाकीपासून 12 मिमी पुढे सरकतात, हा फायदा मोठा आहे. उलट्या फोर्कच्या वरच्या नळ्या जाड असतात, कमी ऑफसेटच्या टीवर हँडल पूर्ण वळवलं की त्या टाकीला जाऊन भिडतात. म्हणून हँडलचे स्टॉपर आधी जुळवायचे, टाकी नंतर चढवायची.

हँडल थरथरणं मी पाहिलेलंच नाही असं नाही. पण ज्या गाड्यांचं थरथरलं, त्यांत ट्रेल निर्दोष होता. कोनसेट (हेडमधली वरची-खालची बेअरिंगं) सैल होता, किंवा चाकातला स्पेसर आखूड होता. टेपर बेअरिंग आधी चांगलं आवळून बसू द्यायचं, हँडल दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा पूर्ण फिरवायचं, मग सैल करून पुन्हा लावायचं. चाक अधांतरी ठेवून हँडल मध्यातून जरा ढकललं की ते आपल्या वजनाने शेवटपर्यंत गेलं पाहिजे, आणि फोर्कचे पाय धरून पुढे-मागे हलवले तर टकटक येता कामा नये. वरचा मोठा नट आवळला की हा ताण पुन्हा वाढतो. तपासणी त्यानंतर करायची, आधी नाही. स्पेसरचं असं, की दोन बेअरिंगच्या आतल्या रिंगांमध्ये तो अर्धा मिमी जरी कमी पडला, तर ॲक्सल आवळताच रिंगा आत खेचल्या जातात. मग बेअरिंग तापतं आणि थोड्याच दिवसांत खडखडायला लागतं.

"दाबून बसवलेला स्टेम सुटतो" असंही जाता जाता तुम्ही लिहिलंय. सुटतो तो हातोड्याने ठोकून बसवलेला. खालची टी ॲल्युमिनियमची, स्टेम पोलादाचा. 30 मिमीच्या भोकाला 100 अंश वाढीव उष्णता दिली की ते साधारण 0.07 मिमी फुगतं. स्टेम 0.04 ने जाड ठेवला असेल आणि रात्रभर फ्रीझरमध्ये असेल, तर गरम टीमध्ये तो हाताने सरकतो. थंड झाल्यावर मात्र प्रेस लावल्याशिवाय निघत नाही. खालून खांदा ठेवायचा, वर सर्क्लिप (खाचेत अडकणारी रिंग). यातलं अक्षर न् अक्षर लेखात आहे. तुम्ही वाचलं नाही, त्याला मी काय करणार?

फ्रेमचं म्हणाल तर हेडच्या जोडांवरचा रंग खरवडून, तडा उठून दिसावा म्हणून डाय (रंगद्रव) लावून तपासायचं, हे लिहिलेलंच आहे. तडा सापडला तर गाडी तिथेच थांबवायची. एवढ्या एका मुद्द्यावर पानभर भाषण कशासाठी? वारशाचं म्हणायचं तर मूळ फोर्क, चाकं, टी सगळं तेल लावून बांधून ठेवा, फ्रेमला वेल्डिंगचा टाका घालू नका. एका दिवसात गाडी पुन्हा जशीच्या तशी होते. यात गुन्हा कुठे आहे ते मला दिसत नाही.

खरी चूक काढायची होती तर लेखात एक जागा होती, ती तुमच्या नजरेतून सुटली. स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबून बघा, हे मी एका ओळीत उरकलं होतं. तिथे सविस्तर लिहायला हवं होतं. नळ्यांच्या टोप्या उघडून स्प्रिंग बाहेर काढायच्या, टोप्या परत लावायच्या आणि चाक जॅकने थेट वर न्यायचं, फोर्क तळाला टेकेपर्यंत. या स्थितीत टायर, मडगार्ड, सायलेन्सरचे पाइप, खालची टी यांच्यात सगळीकडे किमान बोटभर फट हवी. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तीच फट पुन्हा बघायची. ब्रेक दाबून खड्ड्यात गेल्यावर टायर पाइपला घासला तर पुढचं चाक जागीच अडकतं. जिवाशी खेळ म्हणायचा तर तो इथे आहे.

तुमच्या गाडीला ओळंबा लावा, रेक मोजा, दोन्ही टींचा ऑफसेट कॅलिपरने घ्या आणि आकडे इथे लिहा. हिशेब मी मांडून देतो. माझा चुकला असेल तर बेअरिंगसारखाच तोही लेखात दुरुस्त करीन.