पुन्हा अडकली बाईकची रेस!

या महिन्यात तिसऱ्यांदा ग्रिप खोललीये आणि परत तेच, रेस सोडली तरी मूठ जागेवर येतच नाही, वळणावर इंजिन ओरडत राहतं आणि आपण जीव मुठीत धरून क्लच दाबायचा. ज्याला विचारावं तो म्हणतो ग्रीस लाव. अरे ग्रीसनेच तर घात केलाय! जुनं ग्रीस वाळून हँडलच्या २२ मिमी पाइपवर पिवळा मेणचट थर झालेला, त्यावर नवं थापलं की दोन दिवस मस्त, मग धूळ बसून पुन्हा चिकट. रॉकेलने पुसून, बारीक पॉलिश पेपर मारून पाइप गुळगुळीत केला तेव्हा कुठे मूठ फिरली. तरी हँडल डावीकडे वळवलं की रेस आपोआप चढतेच, म्हणजे रेसची केबल टाकीखाली ताणली जातीये, हे कुणी बघतच नाही! केबल काढली तर टोकाशी दोन तारा तुटून वर आलेल्या, एक सरळ बोटात घुसली. आणि मुठीवर नवीन रबर बसवणारे ते इतकं आत ठोकतात की स्विचच्या डबीला घासत राहतं, मग स्प्रिंग बिचारी किती ओढणार? दोन मिलीमीटर फट सोडायला काय जातं रे?