मुलांचा आवाज आणि कायदा

सोसायटीच्या आवारात मुलांनी खेळावं की नाही, हा आपल्या शहरांतला न संपणारा वाद आहे. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लागते, आईवडील चिडतात, ज्येष्ठ मंडळी दुपारच्या झोपेचं आणि गाड्यांच्या काचांचं सांगतात. मग तोडगा निघतो, की मुलांनी बागेत जावं. बागेत अनेकदा दुपारी कुलूप आणि गवतावर पाय ठेवायला बंदी. मुलांना घेऊन बर्लिनमध्ये राहत असताना हे वाचते, तेव्हा वाटतं, हा प्रश्न शेजाऱ्यांच्या समजूतदारपणावर सोडायचाच नसतो.

इथल्या शेजाऱ्यांनाही शांतता प्रिय आहे. पाळणाघरांच्या आवाजाविरुद्ध लोक कोर्टात गेले होते. त्यानंतर २०११ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली: पाळणाघरं आणि खेळाच्या जागांतून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही, आणि त्याला डेसिबलची मर्यादा लावायची नाही. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मुलांच्या खेळासाठी अशी सूट त्यात नाही.

जागेचंही तसंच. बर्लिनच्या १९७९ च्या कायद्यात दर रहिवाशामागे १ चौरस मीटर सार्वजनिक खेळाची जागा हे प्रमाण ठरवलेलं आहे. शहराला ते आजही गाठता आलेलं नाही. मोडलेल्या घसरगुंडीभोवती कुंपण घालून दुरुस्तीची वाट बघणारी मैदानं इथेही दिसतात. पण आकडा कायद्यात असल्यामुळे किती कमी पडतंय ते मोजता येतं, आणि त्यावर प्रशासनाला जाब विचारता येतो. जी मैदानं आहेत ती मात्र मनापासून मुलांची आहेत. खाली जाड वाळू, हातपंपाचं पाणी, चिखल करायची पूर्ण मुभा. खेळाच्या साधनांसाठीच्या युरोपीय मानकानुसार मूल जिथून खाली पडू शकतं ती उंची ३ मीटरपर्यंत चालते, त्यामुळे मुलं चांगली उंच चढतात, आणि पालक कडेला बसून राहतात. मला हे बघताना आजही धास्ती वाटते, आणि तरी ते बरोबर आहे असंच माझं मत आहे.

इथे एक गोष्ट मात्र मिळत नाही. आपल्याकडे खाली उतरलं की टोळी तयार असते, मोठी मुलं लहानांना ‘लिंबूटिंबू’ म्हणून सामावून घेतात. इथे चार वर्षांच्या मुलाची मैत्रीसुद्धा आधी वेळ ठरवून होते. ती टोळी आपण पाट्या लावून घालवतो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

जागा महाग आहे, हे खरंच. पण आपल्या विकास आराखड्यांत मैदानांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, की १० वर्षांत भूखंड ताब्यात घेतला नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. सोसायटीच्या सभेत पाटीवरून भांडण्याआधी आपल्या प्रभागातले असे भूखंड कोणते आणि त्यांची मुदत कधी भरते, हे नगरसेवकाला लेखी विचारा.