‘जे जपानला येत नाहीत, त्यांनी उभे राहा’

काल माझ्या लेकीला वर्गात उभं केलं. गृहपाठ राहिला म्हणून नाही, गोंधळ घातला म्हणून नाही. जपानच्या सहलीचा फॉर्म आम्ही भरला नाही म्हणून! मॅडमनी यादी हातात घेतली आणि फर्मान सोडलं, “जे येत नाहीत, त्यांनी उभे राहा.” मग सगळ्या वर्गासमोर एकेकाला कारण विचारलं. ही म्हणाली, “बाबा नाही म्हणाले.” त्यावर मॅडम काय म्हणाव्यात? “बाबांना सांग, असं एक्स्पोजर पुन्हा मिळत नाही.” पोरगी घरी आली, डबा तसाच. रात्री हळूच विचारते, “आई, आपल्याकडे पैसे नाहीत का?”

अहो, उत्तर पालकांकडून हवं होतं ना? मग पालकांना फोन लावा! ग्रुपवर दिवसभर ‘काइंडली कन्फर्म’ चालू असतं, तिथे विचारा. सातवीतल्या पोरीला बापाची ऐपत वर्गात काऊन सांगायला लावता?

आणि म्हणे सहल ऐच्छिक आहे. अडीच लाख रुपये, पहिला हप्ता शनिवारपर्यंत, भरलेले पैसे परत नाहीत. नागपूरहून जपानला थेट विमान नाही, म्हणून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं. पासपोर्ट वेगळा, परदेशी सहलीवर आधीच कापला जाणारा टीसीएस कर वेगळा. पंधरा पोट्ट्यांमागे एक शिक्षक फुकट, हेही त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात आहे.

‘सांस्कृतिक आदानप्रदान आणि प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण’ असं वर मोठ्या अक्षरात छापलंय. मी कार्यक्रम ओळ न् ओळ वाचला. एक दिवस डिस्नेलँड, एक दिवस युनिव्हर्सल स्टुडिओ, एक दिवस खरेदी. जपानी शाळेत किती वेळ? दोन तास! क्योटोची देवळं अर्ध्या दिवसात. हिरोशिमा तर नाहीच. 6 ऑगस्ट 1945 ही तारीख पोरं परीक्षेसाठी घोकतात आणि त्या देशात जाऊन त्या गावाला वळसा घालून परत येणार.

जपानी शाळांत मुलं स्वतःचा वर्ग झाडतात, फरशी पुसतात, एकमेकांना जेवण वाढतात. हे शिकवायचंय? उद्या सकाळी झाडू द्या हातात, एक रुपया लागत नाही. प्रत्यक्ष अनुभव म्हणता, तर आधी प्रयोगशाळेचं कुलूप काढा. सूक्ष्मदर्शक कपाटाच्या काचेतून दाखवतात आमच्या पोरांना, हात लावू देत नाहीत. कार्यानुभवाचा तास गणितवाले घेऊन टाकतात. प्रोजेक्ट आम्ही आया रात्री जागून करतो आणि मार्क पोरांना पडतात. वह्यासुद्धा शाळेच्याच दुकानातून घ्यायच्या, दीडपट भावानं.

हातानं काम करत शिकायचं, ही कल्पना आमच्या शेजारच्या वर्ध्यात 1937 च्या शिक्षण परिषदेत मांडली गेली. गांधीजींची नई तालीम! झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा अभ्यासक्रम केला. सेवाग्राम इथून पाऊणशे किलोमीटर. आमच्या शाळेची बस तिकडे कधी वळली नाही, वॉटर पार्कला मात्र दरवर्षी जाते. जपानच हवा असेल तर कामठीला जा ना. तिथलं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीनं उभं राहिलंय. जपानमध्ये जन्मलेल्या बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाईंनी नागपूरला आपलं गाव मानलं, हे किती पोट्ट्यांना सांगितलंय शाळेनं?

ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल जावं, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या ओळखीतल्या एका बापानं या सहलीसाठी सोनं गहाण ठेवलंय, बाप्पा! पोरगा एकटा पडू नये म्हणून.

हे सगळं मी काल रात्री पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. सकाळी बघते तर ॲडमिननी काढून टाकलेलं, आणि त्याखाली मॅडमचा मेसेज, ‘प्लीज कीप द ग्रुप पॉझिटिव्ह’. आज पुन्हा टाकलंय. काढलं तर प्रिंट काढून शाळेच्या गेटवर वाटीन.