नम्र माणसाला आत्मविश्वास नसतो, हे कुणी ठरवलं?

नम्रपणा आणि आत्मविश्वास ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, असं जवळपास सगळेच धरून चालतात. मीटिंगमध्ये कोपऱ्यात गप्प बसणारा असला की "फार नम्र आहे हो", आणि जो सरळ उभा राहून "हे असं चालणार नाही" म्हणतो तो लगेच शेफारलेला. मुलांनाही आपण एकाच दिवशी दोन्ही सांगतो, सकाळी "मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलू नकोस" आणि संध्याकाळी "अरे स्टेजवर जाऊन बिनधास्त बोल की, घाबरतोस काय". मग ते पोर गोंधळतं, आणि मोठं झालं तरी गोंधळलेलंच राहतं.

मला हे मुळातच पटत नाही. माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात, तुमचं लक्ष कुठे आहे तिथून. बढाया मारणारा माणूस आणि सारखं "छे हो, मला कुठं काय जमतंय" म्हणणारा माणूस, दोघं वरवर अगदी उलटे दिसतात पण दोघांचंही सगळं लक्ष स्वतःवरच असतं. एकाला टाळ्या हव्यात, दुसऱ्याला चार जणांनी "नाही नाही, किती छान करता तुम्ही" म्हणायला हवं, आणि तोवर काम राहतं तसंच पडून. उलट ज्याचं लक्ष हातातल्या कामावर आणि समोरच्या माणसावर आहे, त्याला "मला हे माहीत नाही" म्हणायला लाज वाटत नाही आणि "हे मला येतं, मी करतो" म्हणायला पण संकोच वाटत नाही. दोन्ही तो सारख्याच आवाजात बोलतो. आणि दुसऱ्याची सेवा करताना तर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

हे नुसतं हवेतलं तत्त्वज्ञान वाटेल म्हणून विमानांचं उदाहरण देते, कारण तिथं या गोष्टीची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेलीय. 27 मार्च 1977, टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरचं विमानतळ, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीचं जंबो विमान उड्डाणासाठी धावायला लागलं तेव्हा पॅन अ‍ॅमचं दुसरं जंबो अजून त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं विचारलं पण, की ते विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना ट्रेनिंग देणारा माणूस. तो ठामपणे "झालंय" म्हणाला, आणि त्यावर परत कुणी विचारलं नाही. 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, धुकं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले आवाज, उशीर झाल्याची घाई, सगळं खरं. पण मला ती शंका आणि त्यानंतरची शांतता विसरता येत नाही. एकाकडे गरजेपेक्षा जास्त खात्री आणि बाकीच्यांकडे गरजेपेक्षा जास्त भीड, आणि ही भीडच तर आपण एरवी नम्रपणा म्हणून शिकवत असतो ना!

यातून विमानवाले खरंच शिकले, आणि याबद्दल मला त्या क्षेत्राविषयी मनापासून आदर आहे. 1979 मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली, 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना रीतसर शिकवायला सुरुवात केली की ज्युनिअरनं शंका बोलून दाखवायची, आणि सिनिअरनं ती कानाआड करायची नाही. म्हणजे एकाला आत्मविश्वास शिकवला आणि दुसऱ्याला नम्रपणा, आणि तेही एकाच वर्गात बसवून. मग 19 जुलै 1989 ला युनायटेडच्याच 232 नंबरच्या फ्लाइटचं शेपटाकडचं इंजिन हवेत फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम गेल्या, म्हणजे विमान वळवायचं कसं, उतरवायचं कसं, काहीच हातात राहिलं नाही. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचा, इतर वैमानिकांना शिकवणारा एक पायलट बसला होता, त्यानं निरोप पाठवला की मदत हवी असेल तर येतो. कॅप्टन अल हेन्स त्याला कॉकपिटमध्ये बोलावतो आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे दांडे, चक्क त्याच्या हातात देतो. विचार करा, ऐन संकटात, स्वतःच्या विमानात, पाठीमागून आलेल्या माणसाच्या हातात! सुमारे 44 मिनिटं चौघांनी मिळून ते विमान नुसत्या इंजिनांच्या जोरावर सू सिटीपर्यंत आणलं. 296 पैकी 112 जण वाचले नाहीत, पण 184 वाचले, जिथं एकही वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की कॉकपिटमधल्या सगळ्यांचा मिळून 103 वर्षांचा अनुभव होता, पण या परिस्थितीचा एका मिनिटाचाही अनुभव कुणालाच नव्हता, मग माझंच डोकं चालेल असं मी का धरू. हा माणूस नम्र होता की आत्मविश्वासू? मला तर दोन्ही वेगळं काढताच येत नाही.

बरं, हे झालं मोठ्या माणसांचं आणि मोठ्या संकटांचं. मला हे सगळ्यात जवळून दिसलं ते माझे वडील आजारी होते तेव्हा. रात्रपाळीला एक मावशी असायच्या. त्यांचं चादर बदलणं मी बघत बसायचे, खोटं नाही सांगत, बघत राहावं असंच होतं ते. आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. मग वडिलांच्या कानाशी वाकून, "काका, आता डाव्या कुशीवर घेते हं, हात टाका माझ्या खांद्यावर". वडील ऐकतायत का झोपेत आहेत हे न बघता त्या सांगायच्याच, सांगितल्याशिवाय अंगाला हात लावला नाही कधी. जुनी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, तिच्यामागोमाग नवी अर्धी अंथरून उरलेली तिथेच खोचून ठेवायची, मग अलगद दुसऱ्या कुशीवर, जुनी ओढून बाहेर, नवी ताणून गादीखाली. आणि शेवटी पाठीखालून तळवा फिरवायचा, एक सुरकुती राहू द्यायची नाही, कारण सुरकुतीवर माणूस तासन्‌तास पडून राहिला की कातडी सोलवटते आणि बेडसोअरची सुरुवात तिथूनच होते. हे मला त्यांनीच समजावून सांगितलं.

एका रात्री तरुण डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, यांना उठवून बसवा, छाती तपासायचीय. मावशी कॉटच्या बाजूला उभ्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "डॉक्टर, आत्ताच गोळी दिलीय सिस्टरनी, काल याच वेळेला बसवलं तर डोळे फिरवले होते त्यांनी. आधी बीपी बघा, मग मी बसवते." डॉक्टर थांबले, बीपी घेतलं, खाली आलं होतं. आडवं ठेवूनच तपासलं, जाताना "बरं झालं सांगितलंत" असं म्हणून गेले. मला तेव्हा दोघांचंही कौतुक वाटलं. मावशी स्वतःला डॉक्टर समजत नव्हत्या, पण त्या पेशंटजवळ रात्रभर आपण असतो आणि आपल्याला जे दिसलंय ते डॉक्टरांना दिसलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि डॉक्टरांना पण आपली डिग्री मध्ये आणावीशी वाटली नाही.

सेवेबद्दल मी बोलतेय ते या अर्थानं. सेवा म्हटलं की लोकांना त्याग आठवतो, अश्रू आठवतात, मला आधी आठवतं ते समोरच्याला विचारणं. मदत करणाऱ्यांना बहुतेक वेळा समोरच्याला काय हवंय हे विचारायचंच नसतं, आपल्याला काय द्यायला आवडतं ते द्यायचं असतं. आणि मग त्यानं तोंड भरून आभार मानले नाहीत की राग येतो. मदतीच्या पाकिटाचं एक टोक देणाऱ्याच्या हातात, दुसरं घेणाऱ्याच्या हातात आणि घेणारा बिचारा मान खाली घालून उभा, असे फोटो टाकणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण ज्याचा फोटो काढला त्याला विचारलं होतं का, एवढंच मला कळत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम मला म्हणूनच फार मोठं वाटतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून हे दोघं गडचिरोलीत आले, 'सर्च' ही संस्था सुरू केली. शिक्षण एवढं मोठं की लोकांना सांगत सुटले असते तरी कुणी अडवलं नसतं. पण त्यांनी विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना थांबायला जागा नसते. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, पेशंटसोबत घरची माणसं राहतील असा, आणि नाव दिलं ते तिथल्या लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मला यातली खरी कसोटी पुढं दिसते. नवजात बाळं घरातच दगावत होती, तेव्हा त्यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना शिकवलं, बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इतकंच काय इंजेक्शन देणं सुद्धा. डॉक्टरनं आपल्या हातातलं इंजेक्शन गावातल्या बाईच्या हातात द्यायचं याला केवढा नम्रपणा लागतो, आणि ती ते नीट देईल अशी खात्री बाळगायला केवढा आत्मविश्वास! स्वतःवरचा नाही हं, तिच्यावरचा. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचा अभ्यास छापून आला, ज्या गावांत हे काम झालं तिथं नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत 60 टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. पुढे 2011 मध्ये भारत सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं. गावातल्या बाईला हे जमणारच नाही असं आधीच ठरवून टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि मदुराईचे डॉ. व्यंकटस्वामी. संधिवातानं हाताची बोटं कायमची वाकडी झालेली. असा माणूस डोळ्याचा सर्जन होईल असं कोण म्हणेल? त्यांनी वाकड्या बोटांनी शस्त्र धरायला नव्यानं शिकून घेतलं आणि आयुष्यात एक लाखाहून जास्त ऑपरेशन्स केली. निवृत्त झाल्यावर 58 व्या वर्षी, 1976 मध्ये, 11 खाटांवर अरविंद आय हॉस्पिटल सुरू केलं, पैसे देऊ शकणाऱ्यांनी द्यायचे, नाही त्यांचं फुकट किंवा नाममात्र, पण डोळ्यावरचे उपचार दोघांना सारखेच. अशा माणसानं "माझ्या बोटांनी कसं होणार" म्हणत घरी बसणं आपण सगळ्यांनी समजून घेतलं असतं, वर त्याला विनयशील पण म्हटलं असतं. पण मोतीबिंदूनं आंधळं होऊन बसलेल्या माणसाला त्या विनयाचा काय उपयोग होता?

एक गोष्ट मात्र मला सेवेवर बोलणाऱ्यांना विचारायचीच आहे, कारण ती कुणी बोलत नाही. सेवा करणाऱ्यानं "नाही" म्हणायचं की नाही? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर बहुतेक ठिकाणी एकीवरच सगळं पडतं, सून असेल, मुलगी असेल, बायको असेल. ती किती सहन करते यावर तिची स्तुती होते, आणि त्या स्तुतीमुळेच तिला "मी दमलेय, आज मला जमणार नाही" म्हणता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. झोप न झालेल्या माणसाच्या हातून औषधाचा डोस चुकतो, आवाज चढतो, आणि त्याचा त्रास शेवटी पेशंटलाच होतो. म्हणजे "मला मदत हवीय" हे ठणकावून सांगणं हा तिच्या सेवेचाच भाग झाला की नाही? तिथं मात्र आपण तिच्याकडून फक्त सोशिकपणा मागतो.

आणि मदत घेणं तर देण्यापेक्षा कितीतरी अवघड. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धावलेली माणसं स्वतः पडली की पाणी मागायला पण संकोचतात. माझे वडील त्यातलेच. पहिले काही दिवस ते मावशींना हातच लावू द्यायचे नाहीत, मी करतो, मी करतो. मावशींनी वाद घातला नाही. त्यांनी काय केलं, वडिलांच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "चेहरा तुम्ही पुसा काका, पाठ माझ्याकडे. पाठ कुणालाच स्वतःची नीट पुसता येत नाही." वडिलांनी टॉवेल घेतला, चेहरा पुसला, आणि मग स्वतःहून कुशीवर वळले.

तुमच्या ओळखीत कुणी असं घरी पेशंट सांभाळत असेल तर "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, ती सांगणार नाही. "रविवारी दुपारी तीन ते सहा मी येऊन बसते, तोवर तू झोप नाहीतर बाहेर जाऊन ये, चालेल का?" असं विचारा. आणि ती म्हणाली की रविवार नको, मला मंगळवारी रात्रीचं कुणीतरी हवंय, तर मंगळवारी रात्री जा.