एमजीबी गाडीच्या पीयूसी कामाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या १९६७ सालच्या एमजीबी रोडस्टर या उघड्या टपाच्या ब्रिटिश गाडीच्या कामाबद्दल आपण आमच्या गॅरेजला एकच तारा दिला आहे. पीयूसीत जेमतेम नापास झालेली गाडी आम्ही हात लावल्यावर अधिकच नापास झाली, दोन दिवसांच्या कामाला चोवीस दिवस लागले, बारा हजारांचा अंदाज एकतीस हजारांवर गेला आणि आता गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, असे आपण लिहिले आहे. यांपैकी खर्चाच्या बाबतीत आमची चूक झाली असून ती पुढे मान्य केली आहे. मात्र धुराचा आकडा वाढल्याचा मुद्दा वाचून जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतरांचाही गैरसमज होण्याची शक्यता असल्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

पीयूसी केंद्रावर आपल्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ३.४ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळालेले पेट्रोल) ११८० पीपीएम (दर दहा लाख भागांतले भाग) आला होता. भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या निकषांनुसार बनलेल्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी ठेवून इंजिन संथ चालू असताना) अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम एवढी मर्यादा आहे, त्यामुळे थोडक्यात हुकले असे आपल्याला वाटणे स्वाभाविक होते. आमच्या अ‍ॅनालायझरवरही तेच आकडे आले, परंतु आमचे यंत्र कार्बन डायऑक्साइडही दाखवते आणि तो केवळ ७.१ टक्के होता. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंची बेरीज साधारण १५ टक्क्यांच्या आसपास भरायला हवी. आपल्या गाडीत ती १०.५ भरली. याचा अर्थ असा की प्रोबने (धूर ओढून घेणाऱ्या नळीने) ओढलेल्या नमुन्यात सुमारे तीस टक्के बाहेरची हवा होती. गाडी लिफ्टवर घेतल्यावर मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) आणि पुढचा पाइप यांच्या जोडावरचे गॅस्केट जळालेले आढळले आणि सायलेन्सरच्या तळाला करंगळी जाईल एवढे भोक सापडले. आयडलिंगवर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि अशा भोकांतून हवा आत खेचली जाते. भोक वेल्डिंगने बुजवून गॅस्केट बदलल्यावर त्याच गाडीचा, त्याच सेटिंगवर, कार्बन मोनॉक्साइड ४.९ टक्के आणि हायड्रोकार्बन १६९० पीपीएम आला. गाडी आमच्याकडे येऊन बिघडली नव्हती. ती आधीपासून एवढाच धूर सोडत होती, फक्त भोकामुळे तो पातळ होऊन मोजला जात होता.

आपल्या परिचित मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे कार्ब्युरेटरखालचा, पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा नट थोडा फिरवला असता तर सायलेन्सरच्या भोकासह गाडी त्याच दिवशी पास झाली असती, हे मी नाकारत नाही. ते आम्ही का केले नाही, हे सांगणे मात्र आवश्यक आहे. आपल्या गाडीला दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आहेत; पुढचा पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला आणि मागचा तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवतो. मागच्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) एवढा झिजला होता की तो बोटांनी वरखाली हलवता येत होता. त्या फटीतून हवा आत जाऊन आयडलिंग डळमळते, म्हणून पूर्वी कोणीतरी जेट (पेट्रोल येण्याची छोटी नळी) खाली करून पेट्रोल वाढवून ठेवले होते. हवेची गळती पेट्रोलने झाकण्याचा हा उपाय जुन्या ट्विन-कार्ब्युरेटर गाड्यांत वारंवार दिसतो, आणि तो करणारा माणूस नेहमीच अडाणी असतो असे नाही; पुष्कळदा गिऱ्हाइकाने खर्चाला नाही म्हटलेले असते. अशा स्थितीत केवळ नट वर चढवून पेट्रोल कमी केले असते तर मागची दोन सिलिंडर पेट्रोलअभावी मिसफायर झाली असती, म्हणजे त्यांतले मिश्रण नीट पेटले नसते, कार्बन मोनॉक्साइड उतरला असता आणि न जळालेले पेट्रोल हायड्रोकार्बनच्या आकड्यात दिसले असते. शिवाय दोन्ही नीडल (जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुया) घासून जेटची छिद्रे लंबगोल झाली होती आणि डिस्ट्रिब्युटरचे (ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचे) पॉइंट जळाले होते.

म्हणून दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून नवे स्पिंडल आणि बुश (स्पिंडल ज्यात फिरतो त्या कड्या) बसवले, जेट आणि नीडल बदलल्या, पॉइंटची गॅप ०.०१५ इंचावर लावली, ठिणगीचे टायमिंग तपासले, दोन्ही कार्ब्युरेटरचा हवेचा प्रवाह सारखा केला आणि त्यानंतर मिश्रण जुळवले. मूळ पुस्तिकेतल्या सेटिंगवर आम्ही थांबलो नाही, कारण ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी होते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडते आणि अ‍ॅनालायझर लावूनच ते जुळवावे लागते. जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही त्याच कारणाने बदलल्या. अखेरीस कार्बन मोनॉक्साइड २.२ टक्के, हायड्रोकार्बन ६२० पीपीएम आणि दोन वायूंची बेरीज १४.९ अशी नोंद झाली, आणि त्याच संध्याकाळी पीयूसी केंद्रावर गाडी आपल्यासमोर पास झाली.

चोवीस दिवसांपैकी सोळा दिवस इंग्लंडहून सुटे भाग येण्यात गेले, हे आपल्याला त्या वेळी कळवले होते.

खर्चाबाबत आपली तक्रार रास्त आहे. बारा हजारांचा अंदाज मी कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी दिला आणि उघडल्यावर काम वाढल्याचे फोनवर सांगितले, परंतु नवा आकडा लेखी दिला नाही व आपली लेखी संमतीही घेतली नाही. फोनवर मी "थोडे वाढेल" असे म्हणालो होतो, आणि बारा हजारांवरून एकतीस हजार चारशे होणे याला थोडे म्हणता येत नाही. त्याखेरीज कार्ब्युरेटर उतरवून परत चढवण्याची मजुरी बिलात दोनदा लागली आहे, एकदा तपासणीसाठी आणि एकदा बुश बसवताना. तपासणीनंतर सुटे भाग येईपर्यंत ते उतरवूनच ठेवायला हवे होते. ते पुन्हा चढवून गाडी बाजूला लावण्याचा निर्णय जागेच्या अडचणीमुळे आमचा होता, त्याचा भार आपल्यावर पडायला नको होता. ते २८०० रुपये आपल्याला परत केले जातील.

आता सकाळच्या त्रासाविषयी. पूर्वी मिश्रणात पेट्रोल इतके जास्त होते की थंड इंजिनही चोक (सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका) न ओढता सुरू होत असे, आणि वर्षानुवर्षे तीच सवय झालेली असते. आता चोक पूर्ण ओढून स्टार्टर द्यावा आणि इंजिन धरू लागल्यावर एक-दोन मिनिटांत तो हळूहळू आत ढकलावा. गाडी ताब्यात देताना हे दाखवून द्यायला हवे होते, ते राहून गेले. मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटफट आवाज येतो असेही आपण लिहिले आहे, आणि त्याचा चोकशी संबंध नाही. बहुधा नवे गॅस्केट तापून बसल्यावर जोडाचे नट सैल झाले असावेत किंवा मागच्या कार्ब्युरेटरचे मिश्रण किंचित पातळ राहिले असावे. पाहिल्याशिवाय यांतले नेमके कोणते, हे सांगणार नाही.

त्यासाठी गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आणून ठेवावी, म्हणजे सकाळी पूर्ण थंड असताना आपल्यासमोर सुरू करून पाहता येईल. या तपासणीचे आणि जुळवणीचे पैसे लागणार नाहीत. काढलेले स्पिंडल, जेट आणि नीडल आपल्या नावाच्या डब्यात ठेवले आहेत. ते पाहून घ्यावेत आणि हवे असल्यास घेऊन जावेत. सोमवारी गॅरेज बंद असते, बाकी कोणत्याही दिवशी चालेल.

आपला,
गॅरेजचा मालक