रोबोट ऑपरेशन करतो म्हणे, मग सर्जन कशाला?

सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय. आता ऑपरेशन रोबोट करतो, शोध औषधवाले लावतात, सर्जन नुसता कापणारा, दहा वर्षांत त्याचं काम संपणार. मी परळला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, चौदा वर्षं टेबलाशेजारी उभी राहतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

रोबोटचं आधी सांगते. दा विंची या ऑपरेशनच्या रोबोट मशीनला अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली, पण आजही त्याचे हात स्वतःहून हलत नाहीत, बाजूला कन्सोलवर बसलेला सर्जन बोटं हलवतो तेव्हाच ते हलतात. रक्त थांबेना तर मशीन बाजूला घेऊन पोट उघडावं लागतं, ते कोण उघडणार? दुर्बिणीतून ऑपरेशनं व्हायला लागली म्हणून कुठे सर्जन संपले? 1990 मध्ये इथेच मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि मग बाकीचे सर्जन ते शिकले.

आणि 'नुसता कापणारा' हे वाचून तर खरंच वाईट वाटलं. गेल्या पावसाळ्यात लालबागचे एक काका आले, पोट टम्म फुगलेलं, जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटून अडकलेलं, घरचे म्हणत होते आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा. आमचे सर्जन सर म्हणाले नाकातून नळी टाका, सलाईन लावा, आज थांबू. रात्री दोनला आले, पोटावर हात ठेवून बघितलं, पाचला परत आले, नाडी बघितली, परत थांबले. सकाळी काकांना गॅस पास झाला, चाकू लागलाच नाही. कधी थांबायचं आणि कधी एक तासही थांबायचं नाही, हे कळायला वर्षं जातात हो.

शोधाचं म्हणाल तर टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे सर्जनच. ब्रेस्ट कॅन्सरची गाठ काढायच्या सात-दहा मिनिटं आधी तिच्याभोवती लिडोकेनचं, म्हणजे जागा बधिर करायचं साधं स्वस्त इंजेक्शन द्यायचं. जवळपास 1600 बायकांवर अभ्यास झाला, 2023 मध्ये छापून आला, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत 86.4 टक्के, तर दिलेल्यांत 90.1 टक्के होतं.

गरज नसताना ऑपरेशनं होतात हे मात्र मी नाकारत नाही, राग मलाही येतो. शंका असेल तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा. आमच्या ओपीडीत असे पेशंट येतात, आणि त्यातल्या काहींना सर गोळ्या लिहून देऊन घरी पाठवतात.