जरा हलू नकोस!

रायफल क्लबात नाव घातलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जमिनीवर लोळत गोळ्या झाडणारा कुणीतरी उभा राहतो. सोसायटीत पहिला प्रश्न परवान्याचा (४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर लागत नाही) आणि दुसरा गच्चीवरच्या कबुतरांचा. प्रत्यक्षात १० मीटर एअर रायफल म्हणजे लहानपणी न्हाव्याच्या खुर्चीत ऐकलेलं ‘जरा हलू नकोस’ हे सव्वा तास पाळणं. तेही उभ्याने, हातात पाचेक किलोचं धूड घेऊन.

छर्रे ६०. टार्गेटच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, हे ऐकून नवख्याला फार उदार वाटतं. पण मीटरभर बंदुकीचं टोक पाव मिलिमीटर सरकलं, की तिकडे छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो आणि दहाचे नऊ होतात. पाव मिलिमीटर हलायला काही करावं लागत नाही. हृदय चालू असलं की पुरतं.

म्हणून कपडे. कॅनव्हास-चामड्याचं कडक जॅकेट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट. नाड्या आधी बांधायच्या, बटणं नंतर लावायची. हा क्रम चुकला की खाली वाकता येत नाही, आणि शेजारच्या लेनवाल्यापुढे पाय करावा लागतो. चाल बदकाची होते. मे महिन्यात आत काय चाललेलं असतं ते गंजीफ्रॉकच जाणे.

मग उभं राहणं. बंदूक हातांनी पेलायची नसते, हाडांवर ठेवायची असते. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ किंचित मागे, मान मात्र सरळ. स्नायू दमतात आणि थरथरतात, हाड थरथरत नाही. सुटलेल्या पोटावर कोपर टेकवणारे भेटतात. पोट श्वासाबरोबर वरखाली होतं, टार्गेटवरचे छर्रेही तसेच. पवित्रा घेतला की डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. टार्गेटची काळी टिकली साईटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) रिंगणात नसेल तर बंदूक ढकलायची नाही, पाय सरकवायचे. बंदूक ढकलून टिकलीवर आणली तर चाप ओढताच ती सासरहून माहेरी निघाल्यासारखी मूळ जागी परतते.

श्वास अर्धा सोडून थांबवला की सहा-आठ सेकंद आपली. त्यात शॉट गेला नाही तर बंदूक खाली. हे ‘खाली’ फार जड जातं, कारण ‘आता बसतोयच’ असं वाटत असतं. दमलेला डोळा मघाचंच सुरेख चित्र दाखवत राहतो, आणि जातो तो सात. डावा डोळाही मिटायचा नाही, त्याच्यापुढे पट्टी लावायची. एक मिटला की दुसरा ताणतो. मॅचआधी चहा बंद, नाडी वाढते म्हणून. या खेळातला खरा त्याग मला हाच वाटतो.

नवख्याचा लाडका उद्योग म्हणजे साईटचे क्लिक, म्हणजे नेम सूतभर सरकवणारे स्क्रूचे खटके, फिरवणं. एक शॉट डावीकडे गेला, फिरव. पुढचा उजवीकडे, उलटा फिरव. मुळात पाच शॉट होईतो क्लिकला हात लावायचा नाही. पाचही डावीकडच्या आठात एकत्र बसले तर आनंद माना, नुसतं क्लिक फिरवण्याचं काम आहे. एक दहा आणि बाकीचे गावभर, तर दोष साईटचा नाही.

कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी ब्राँझ घेऊन आला. तेव्हा नोकरी रेल्वेत, टीसीची. विनातिकीट प्रवाशांची कारणं चेहरा न हलवता ऐकायची सवय उपयोगी पडली असावी, असा आपला माझा अंदाज.

आता दोन शून्यं. शेजाऱ्याच्या टार्गेटवर अगदी १०.९ (दशांशात मोजलं तर एका शॉटचे सर्वाधिक गुण) बसवलात तरी तुम्हाला शून्य. दुसरं जास्त लाजिरवाणं. चाळिसाव्या शॉटच्या आसपास डोकं बधिर होतं, छर्रा भरायचा राहतो. कोपर हाडावर, श्वास अर्धा, टिकली बरोब्बर मधोमध, चाप लोण्यासारखा मागे येतो आणि बंदूक नुसतीच ‘फुस्स’ करते. हवा सुटली म्हणजे शॉट झाला, आणि तो चुकला. त्या आवाजाने मागे बसलेले सगळे मान वर करतात. बंदूक मात्र जराही हललेली नसते.